शिकागोच्या जिन्यावर कळलेला शब्द

अमेरिकेहून आल्यापासून गल्लीतल्या बायका येतात, चहा पितात आणि काय काय पाहिलं ते विचारतात. प्रत्येकीला पहिल्यापासून सांगून माझा घसा बसला, म्हणून हे लिहून काढलं आहे. माझी शाळा चौथीपर्यंतची. ज्यांना शुद्धलेखनाची हौस आहे त्यांनी ती आपापल्या घरी भागवावी. उंच इमारतींचे फोटो मोबाइलमध्ये आहेत, ते येऊन बघा. मी लिहिणार आहे एका शब्दाबद्दल. त्याने तिथले काही दिवस माझ्या तोंडची चव घालवली आणि मग एका जिन्यावर ती परत दिली.

मी गेले ती डोळ्यांसाठी. गेल्या वर्षापासून मला धूसर दिसत होतं. भाजीत तिखटाऐवजी हळद दोनदा पडली, एकदा सांगलीच्या ऐवजी विट्याच्या एसटीत बसले. मिरजेला दाखवायला मी तयार नव्हते. माझी थोरली बहीण, सुमनअक्का, हिला मिरजेलाच दाखवलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी तिच्या मुलाला सांगितलं, "प्रोग्रेसिव्ह आहे." मुलाने आम्हाला अर्थ सांगितला, म्हणजे आजार पुढे पुढे जाणार. तो गेलाच पुढे. आज अक्का पुण्यात मुलाकडे खुर्चीत बसून असते आणि सकाळ झाली का ते विचारते. चार मुलं वाढवलेली बाई ती. त्या दिवसापासून इंग्रजीतला हा एक शब्द मला पक्का पाठ आहे.

माझा मुलगा विनायक अमेरिकेत कॉम्प्युटरच्या कामावर आहे. तो म्हणाला, इकडे ये, इथे दाखवू. पण अट घातली. डोळे चांगले निघाले तर तासगावला परत जा, हवी तेवढी वर्षं एकटी राहा, मी बोलणार नाही. डोळे अक्कासारखे निघाले तर इथेच राहायचं, परत जायचं नाव काढायचं नाही. मी हो म्हटलं, कारण त्याचं चुकत नव्हतं. तरी तासगावचं घर मला सोडवत नव्हतं. माझ्या घरात मी कुणाला विचारून चहा टाकत नाही. ज्यांना सून आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल, आणि माझी सून तर चांगली आहे.

नेपरव्हिल

विनायकचं घर शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिल नावाच्या गावात आहे. घरं मोठी, अंगणं मोठी, आणि माणूस दिसेल तर शपथ. रस्त्यावर कुणी चालताना दिसलंच तर त्याच्या हातात कुत्र्याची दोरी असते. गेल्या गेल्या मी धुणं मागच्या कठड्यावर वाळत घातलं, तर सून रेवती धावत आली. ती नागपूरची, हळू बोलते. म्हणाली, "आई, बाहेर कपडे अलाउड नाहीत इथे. कॉलनीचे असोसिएशनवाले बोलतात." लखलखीत ऊन पडलेलं, ते वाया घालवायचं आणि घरात यंत्र फिरवून कपडे भाजून काढायचे. या देशात उन्हाला मनाई आहे असं मी तेव्हाच ठरवून टाकलं.

ऑक्टोबरचा महिना होता. प्रत्येक दारात लाल भोपळे मांडून ठेवलेले, काहींना डोळे-तोंड कोरलेलं. सण झाला की टाकून देतात म्हणे. मी रेवतीकडून एक न कोरलेला मागून घेतला आणि घारगे करायला बसले. भोपळा किसला तर नुसतं पाणी आणि दोरे. तो खायचा नाही, मांडायचाच भोपळा होता. हे मला गूळ घालून झाल्यावर सांगण्यात आलं. कणीक वाढवत वाढवत गेले आणि घारग्यांचा एवढा ढीग झाला की आठवडाभर सगळ्यांच्या डब्यात तेच. नात सानिका मात्र आवडीने खायची. ती अकरावीत आहे. मराठी समजते, बोलताना निम्मं इंग्रजी घालते आणि चिडली की सगळंच इंग्रजी.

डोळ्यांचा डॉक्टर

डॉक्टर तरुण होता, हसरा. इंग्रजी अक्षरं मला वाचता येत नाहीत म्हटल्यावर त्याने नुसत्या ई अक्षराचा फळा लावला. ईचे पाय कुणीकडे आहेत ते हाताने दाखवायचं. वरच्या ओळीतले दाखवले, खालचे सगळे मुंग्यांसारखे. मग त्याने डोळ्यांत औषध घातलं, दिवा मारून आत पाहिलं. औषधाने मला समोरचा विनायकही धुक्यात दिसत होता. डॉक्टर त्याच्याशी इंग्रजीत बोलायला लागला. मी कान देऊन ऐकत होते. एवढ्या बोलण्यातला एकच शब्द मला ओळखीचा निघाला. प्रोग्रेसिव्ह. थोड्या वेळाने परत, प्रोग्रेसिव्ह.

गाडीत बसल्यावर मी विचारणार होते. तेवढ्यात विनायकला ऑफिसचा फोन आला. फोन ठेवून तो मला म्हणाला, "आई, तुझं तिकीट पुढे ढकलावं लागेल. घरी निवांत बोलू." लगेच दुसरा फोन आला. घरी पोचल्यावर निवांत काही झालं नाही. त्याला कामासाठी मिनेसोटाला, ईडन प्रेरी म्हणून गाव आहे तिथे जायचं होतं. तो बॅग भरून विमानतळावर गेला.

तुम्ही म्हणाल, फटकळ बाई तू, का नाही विचारलंस. मी दुसऱ्याचं सगळं विचारते. हे विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि मग तासगावचं घर गेलं असतं. न विचारता होतं तोवर ते माझं होतं.

संध्याकाळी रेवती कपड्यांच्या घड्या घालताना म्हणाली, "विनायकनं सांगितलं ना तुम्हाला?"

मी हो म्हटलं.

"घाबरू नका. हळूहळू सवय होते. माझ्या बाबांचं पण हेच आहे. सुरुवातीला तर त्यांना पायऱ्याच समजायच्या नाहीत, जिन्यात पडता पडता वाचले. आता काहीच वाटत नाही त्यांना."

नागपूरच्या व्याह्यांचे डोळे गेल्याचं मला कुणी कळवलं नव्हतं. किती धीराचा माणूस, असं मनात आलं. रेवतीने एवढ्या शांतपणे सांगितलं, याचं मला वाईट वाटलं आणि कौतुकही.

रात्रीच्या जेवणाला सानिका म्हणाली, "आजी, शनिवारी तू माझ्यासोबत शिकागोला येशील? माझा प्रोजेक्ट आहे, प्रोग्रेसिव्ह्जवर."

मी घास ताटात ठेवून विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"टीचरनी. हिस्टरीच्या. अमेरिकेत पूर्वी एक मूव्हमेंट होती, प्रोग्रेसिव्ह नावाची. चळवळ. म्युझियमला घरातल्या मोठ्या माणसाला न्यायचं आणि त्यांना काय वाटलं ते रेकॉर्ड करायचं."

"पण प्रोग्रेसिव्ह म्हणजे काय?"

तिने डोकं खाजवलं. "म्हणजे, पुढे पुढे जाणारे."

आजार पुढे जातो त्यालाही तोच शब्द आणि माणसं पुढे जातात त्यांनाही तोच. या लोकांकडे शब्द कमी आहेत असं मला वाटलं. पण जायचं ठरवलं. दिसतंय तोवर शिकागो बघून घ्यावं.

शिकागो

आगगाडी दोन मजली होती. वरच्या मजल्यावर एकेकटीच्या खुर्च्या, माळ्यावर बसल्यासारखं. सानिकाने मला वर नेलं. शनिवार असल्यामुळे गाडी निम्मी रिकामी होती. काचेतून झाडं दिसत होती, पिवळी आणि लाल, पानं वेगळी दिसत नव्हती, नुसता रंग. मी तो रंग बघून घेतला. रंग लक्षात राहतो की नाही ते अक्काला विचारायला हवं होतं, ते कधी सुचलं नाही.

म्युझियम म्हणजे विटांचं एक जुनं दुमजली घर निघालं. सव्वाशे वर्षांमागे दोन शिकलेल्या, खात्यापित्या घरच्या बायका गरिबांच्या वस्तीत येऊन तिथे राहिल्या. दान देऊन परत जाण्यासाठी त्या आल्या नव्हत्या, शेजारीण म्हणून राहायला आल्या होत्या. घर दाखवायला रोझ नावाची बाई होती, माझ्याच वयाची, पांढरे केस, डोळ्यांवर चष्मा, पायात कापडी बूट. ती इंग्रजीत सांगायची, सानिका तिच्या मराठीत आणायची आणि मी माझ्या मराठीत समजून घ्यायचे. तेच इथे लिहिते.

त्या काळी इथे कारखाने एकदम वाढले. कामाला माणसं हवीत म्हणून साता समुद्रांपलीकडून लोक आले, इटलीचे, पोलंडचे, कुठकुठचे. एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबं. रस्त्यात कचऱ्याच्या लाकडी पेट्या भरून वाहायच्या आणि पोरं त्यांवर बसून खेळायची. लहान मुलंही कारखान्यात कामाला. दुधात पाणी, आणि ते पांढरं दिसावं म्हणून पाण्यात खडू. मांसाच्या कारखान्यात काय काय दळलं जायचं ते ऐकून मी घारग्यांचा डबा पिशवीत आणखी खाली सरकवला. आणि तक्रार कुणाकडे करायची, तर वस्तीतल्या दादाकडे. तो नोकरी लावायचा, मयताला फुलं पाठवायचा आणि बदल्यात मतं घ्यायचा. हे ऐकताना मला अमेरिका पहिल्यांदा ओळखीची वाटली. मी म्हटलं, "असले आमच्याकडे दिवाळीला उटणं वाटतात." सानिकाने ते सांगितल्यावर रोझ उटणं म्हणजे काय ते विचारत बसली.

आधी त्या बायकांनी दया दाखवून पाहिली. पाळणाघर काढलं, शिवण शिकवलं. मग त्यांच्या लक्षात आलं की एक पोर आजारातून उठवावं तर गल्लीतला कचरा दुसरं पाडतोय. म्हणून त्या कचऱ्याच्या मागे लागल्या. त्यातल्या मुख्य बाईंनी स्वतः सरकारकडून तपासनिशीचं काम मागून घेतलं आणि पहाटे कचरागाडीच्या मागे फिरून गाड्या नीट भरतात की नाही ते पाहायला लागल्या. तेव्हा बायकांना तिथे मतसुद्धा नव्हतं. असेच लोक गावोगाव निघाले. मास्तर, डॉक्टर, वर्तमानपत्रवाले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की चांगल्या माणसाच्या दयेवर सोडू नका, कायदा करा. पोरं कारखान्यात नकोत, शाळेत हवीत. बाईच्या कामाच्या तासांना हद्द हवी. खाण्याच्या वस्तूंची तपासणी हवी. दादाच्या हातातली सत्ता मतदाराच्या हातात हवी. बायकांना मत हवं. यातलं पुष्कळ त्यांनी मिळवलं. या सगळ्यांना मिळून प्रोग्रेसिव्ह म्हणतात.

सगळं गोड नव्हतं, तेही रोझने लपवलं नाही. दारूबंदी आणली, ती फसली. काळ्या लोकांची आठवण त्यांतल्या पुष्कळांना झालीच नाही. आणि आपल्यालाच कळतं, गरिबाला काय कळतं, हा ताठा त्यांच्यात होता. याच घरात त्यांनी एक स्वयंपाकघर काढलं, गरिबांसाठी पौष्टिक सूप. मीठ नाही, मसाला नाही. आजूबाजूच्या बायकांनी ते नेलंच नाही. त्यांना आपल्या घरचं लसूण घातलेलं हवं होतं. हे ऐकून मला त्या बायकांबद्दल जवळीक वाटली.

"माझी आजी त्या बायकांपैकी," रोझ म्हणाली. तिची आजी इटलीहून लहानपणी आलेली, घरात बसून कोटांचे कच्चे टाके उसवायची. मग याच घराच्या शाळेत आली. सूप तिलाही आवडलं नव्हतं.

हे सांगताना रोझ मधूनमधून भिंतीवरच्या पाट्या वाचून दाखवायची, आणि माझं लक्ष एका गोष्टीकडे जायला लागलं. बारीक अक्षर वाचताना ती हनुवटी वर करायची, जणू वास घेते आहे. लांबचं दाखवताना मान खाली. आम्ही वरच्या मजल्यावरून उतरायला लागलो, तेव्हा तर तिने कठडा घट्ट धरला, मान पार छातीला टेकवली आणि पायाने पायरी चाचपली. रेवतीचे शब्द आठवले. पायऱ्याच समजायच्या नाहीत.

मी जिन्यातच थांबले. सानिकाला म्हटलं, "तिला विचार, तुझे डोळे जाताहेत का."

"आजी, असं नाही विचारत कुणाला. इट्स रूड."

"विचार. मला हवंय ते."

सानिका लाल झाली. खाली बघत तिने काहीतरी मऊ करून विचारलं असावं, कारण रोझ आधी गोंधळली आणि मग हसत सुटली. हसता हसता तिने सांगितलं आणि तो शब्द मला सरळच ऐकू आला. प्रोग्रेसिव्ह्ज.

मी कठडा धरला. हिलाही तेच, आणि ही बाई हसते आहे. तेवढ्यात रोझने आपला चष्मा काढला आणि माझ्या हातात ठेवला.

"आजी," सानिका म्हणाली, "ती म्हणते, वर्षानुवर्षं मी लोकांना प्रोग्रेसिव्ह काय ते सांगतेय, आता म्हातारपणी नाकावर घालून फिरतेय. पायऱ्यांची अजून सवय नाही."

"काय घालून फिरतेय?"

"चष्मा. अशा चष्म्याला प्रोग्रेसिव्ह म्हणतात. वरून लांबचं दिसतं, खालून जवळचं. मधे रेघ नसते. तुझा पण तोच ऑर्डर केलाय ना बाबाने."

मी पायरीवर बसले. सानिका घाबरली, तिला वाटलं चक्कर आली. मी म्हटलं, बापाला फोन लाव.

शनिवार असूनही विनायक ईडन प्रेरीत कुठल्यातरी मीटिंगमध्ये होता, तो बाहेर आला. मी विचारलं, "माझ्या डोळ्यांना काय झालंय? अक्काचं आहे का ते?"

"नाही, आई. पडदा एकदम चांगला आहे. मोतीबिंदू आहे, तोसुद्धा कच्चा. चष्म्याचा नंबर लागलाय फक्त. मी बोललो नाही का?"

"नाही बोललास."

"आणि तिकिटाचं? तेसुद्धा नाही सांगितलं?"

"ते मी तुला विचारायचं. तू मला काय विचारतोस?"

"अगं, चष्मा बनून यायला वेळ लागतो. तो घेऊनच जा म्हणून तिकीट पुढे ढकलू म्हटलं."

मग मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. सानिकाचं रेकॉर्डिंग सकाळपासून चालूच होतं, त्यात ते सगळं आहे. तिच्या बाईंना मराठी येत नाही हे बरं आहे.

मी रोझला चष्मा परत दिला. तोपर्यंत तिला सानिकाने सगळी हकिकत सांगितली होती. ती माझ्या शेजारी पायरीवर बसली आणि माझ्या हातावर हात ठेवला. आत खायला मनाई होती, म्हणून आम्ही बाहेर बाकावर गेलो आणि मी डबा उघडला. रोझने घारगा हातात घेतला, हनुवटी वर करून नीट न्याहाळला आणि खाल्ला. मग आणखी एक. भोपळ्यात गूळ घालून तळतात हे तिला खरं वाटेना. मी सानिकाला म्हटलं, सांग तिला, पौष्टिक अजिबात नाही. रोझने तिसरा घेतला.

त्या दिवशी वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत होतं. तिथे वारा फार असतो.

परतीच्या गाडीत मी पुन्हा वरच्या मजल्यावर बसले. झाडांचा रंग तसाच धूसर होता, पण आता तो लक्षात ठेवायची गरज नव्हती. मी पाय लांब करून डोळे मिटले आणि नेपरव्हिल येईपर्यंत झोपले. घरी गेल्यावर रेवतीला सांगितलं, तर ती हसून हसून खाली बसली. मग तिने नागपूरला फोन लावला आणि व्याह्यांनी मला स्वतः सांगितलं की ते अजून स्कूटर चालवतात. ते ऐकून मात्र मला काळजी वाटली.

तासगाव

चष्मा आला, मी आले. पहिले काही दिवस माझं घर माझ्याच अंगावर यायचं. उंबरा हलायचा, पायरी तरंगायची. रोझची युक्ती आठवून मान खाली घालते आणि उतरते. हे लिहितानाही हनुवटी वर आहे. शेजारची कमल म्हणते, अमेरिकेला जाऊन आल्यापासून मावशींचं नाक वर झालंय. तिला म्हटलं, तू तुझे डोळे मिरजेला दाखव.

आता शेवटचं, म्हणजे बायका पुन्हा विचारायला येणार नाहीत. आल्यावर दुसऱ्या सकाळी मी ओट्यावर बसले आणि चष्म्याच्या वरच्या अंगाने गल्लीच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे विजेच्या खांबाला टेकून एक म्हैस बसलेली असते, असं मी वर्षभर समजत होते. येता-जाता तिची कीवही करायचे, किती गरीब जनावर, जागचं हलत नाही. ती म्हैस नव्हती. तो कचरा होता. काळ्या पिशव्यांचा ढीग, आणि शेजारी बालवाडीचं दार.

तेवढ्यात घंटागाडी आली. गाणं वाजवत आमच्या दारावरून गेली आणि कोपऱ्याच्या अलीकडून वळायला लागली. मी उठून गाडीला आडवी गेले. ड्रायव्हरला म्हटलं, कोपऱ्यावरचं घे.

"मावशी, ते आमच्याकडं नाही. खांबापलीकडं दुसरा वॉर्ड."

"दुसऱ्या वॉर्डाची गाडी कुठंय?"

"ती खांबाअलीकडं येत नाही."

"मग खांबाचं कोण बघतं?"

त्याने खांदे उडवले. "ते नगरपालिकेत विचारा. साहेबाला."

मी मान खाली घातली, पायरी नीट पाहिली आणि त्याच्या शेजारच्या सीटवर चढून बसले. "चल," म्हटलं, "तुझी फेरी संपली की तिकडंच जाणार ना गाडी."